घरची भाजी खरोखर स्वस्त पडते का, आणि दारात हिरवळ ठेवावी का? (परभणी)

परभणीची_गृहिणी

नमस्कार. परभणी शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत आम्ही गेल्या दिवाळीत राहायला आलो. घराच्या मागे साधारण पाव गुंठा, म्हणजे पावणेतीनशे चौरस फूट मोकळी जागा आहे आणि पुढे फाटकापासून ओट्यापर्यंत तीनशे चौरस फुटांच्या आसपास. घरात पाच माणसे आहेत आणि सासूबाईंना जेवणात रोज एक पालेभाजी लागते. महिन्याचा खर्च मांडायला बसले की भाजीचा आकडा दोन हजारांच्या खाली येत नाही आणि भर पावसाळ्यात कोथिंबीर, टोमॅटो कडाडले की त्याच्याही वर जातो. त्यामुळे मागच्या जागेत भाजी करावी आणि पुढे छोटी हिरवळ लावावी, असे घरात ठरत आले आहे.

अडचण अशी की, एका रोपवाटिकेतून अंदाजपत्रक मागवले तर त्यांनी लाल माती, तयार गवताच्या चटया, खत आणि दरमहा देखभाल असे मिळून जो आकडा सांगितला, तेवढ्यात आमची वर्षभराची भाजी विकत येईल. मग बचत कसली? आमची जमीन काळी आहे. सध्या तिला इतक्या रुंद भेगा पडल्या आहेत की त्यांत हात जातो आणि पावसाळ्यात चप्पल निघत नाही इतकी ती चिकट होते. बांधकामाचा राडारोडाही वरच्या थरात बराच मिसळला आहे. बोअरचे पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर चढतो. नळाचे पाणी काही दिवसांआड येते. कुंडीत लावलेल्या मिरचीची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत, हेही नोंदवून ठेवते.

या जमिनीत आणि या पाण्यावर कोणती भाजी केली तर पैसे वाचतील, आणि हिरवळीचा नाद धरावा की सोडावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना_कृषी_सहायक

ताई, घरच्या भाजीत पैसे वाचतात, परंतु सगळ्या भाज्यांत वाचत नाहीत. पावणेतीनशे चौरस फुटांतून पायवाटा वजा केल्या की लागवडीला दोनशेच्या आतबाहेर जागा उरते. तेवढ्यात कांदा, बटाटा, पत्ताकोबी लावली तर तीन-चार महिने जागा अडून राहते आणि शेवटी हाती येते ते त्या हंगामात बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे जिन्नस. मी निवड करताना एकच कसोटी लावतो: जी वस्तू थोडी लागते पण रोज लागते, आणि जी विकत आणल्यावर जुडीतली अर्धी नासते, ती घरी लावावी. कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, कढीपत्ता, हिरवी मिरची, लसणाची पात या सगळ्या त्या कसोटीला उतरतात. बाजारात आपण त्यांची किंमत देतो तेव्हा तिच्यात वाहतूक आणि नासाडी धरलेली असते. घरी कोथिंबिरीच्या चार काड्या हव्या असतील तर चारच तोडता येतात.

पालेभाजी एकदम सगळीकडे पेरू नये, हे मात्र मनावर घ्यावे. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीला येते, तेव्हा पूर्ण वाफा एका दिवशी पेरला तर आठवडाभर घरादाराने मेथीच खायची आणि नंतर महिनाभर पुन्हा बाजार गाठायचा, असे होते. त्याऐवजी दर दहा-बारा दिवसांनी तीन-चार फुटांचा एक पट्टा पेरत राहावे. पालकाचे तसे नाही; पहिली कापणी महिना-सव्वा महिन्यात आली की बुडखा राखून कापावा, म्हणजे पुढे पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने तो आणखी काही वेळा मिळतो. बचतीच्या दृष्टीने पालकाइतकी परतफेड करणारी पालेभाजी मला दुसरी दिसत नाही. सासूबाईंना विचारा, अंबाडी, तांदुळजा आणि चिघळ त्यांना नक्की माहीत असतील. या भाज्या आपल्याकडच्या उन्हाला आणि काळ्या जमिनीला सरावलेल्या आहेत आणि त्यांचे बी एकदा जमिनीत पडले की पुढल्या पावसात त्या न पेरताही उगवतात. रब्बीत एका कडेला करडई टाकून तिची कोवळी भाजी खुडावी. तिला पाणी नावापुरतेच लागते.

फळभाज्यांत भेंडी आणि गवार खरिपात निःशंक लावाव्यात. भेंडीची तोडणी पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत सुरू होते आणि नंतर दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती निबर होते. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1980च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला, तो मुख्यतः भेंडीवरच्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी. ती प्रतिकारशक्ती आता पूर्वीइतकी टिकून राहिलेली नाही. तरीही हा सरळ वाण असल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते, आणि बचतीची गोष्ट निघाली आहे म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी सारखी निघत नाही आणि दरवर्षी पुडी विकत घ्यावी लागते. दोडका, कारले यांना जमीन न देता कुंपणावर किंवा मांडवावर चढवावे.

आता जमीन. लाल माती विकत घेऊ नका. काळी जमीन कसदार असते. तिचा दोष एवढाच की, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून भेगा पडतात आणि पावसात मुळांना हवा मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे अर्धा फूट उंचीचे आणि तीन फूट रुंदीचे गादीवाफे, जेणेकरून पाणी साचणार नाही आणि दोन्ही बाजूंनी हात पोचेल, वाफ्यात पाय टाकावा लागणार नाही. अशा जमिनीत थोडीशी वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण तिने काम होत नाही. चांगले कुजलेले शेणखत दरवर्षी घालत राहिले की दोन-तीन वर्षांत माती भुसभुशीत होते. कच्चे शेण घालू नये. त्याने हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते. राडारोडा मात्र आधी वेचून काढा, कारण सिमेंट आणि चुन्यामुळे आधीच चुनखडी असलेली आपली जमीन आणखी विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, होते.

मिरचीच्या पिवळेपणाचे मूळही तेच. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. आपल्या मातीत लोह असते, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) आठच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही आणि जड पाण्याने सामू वाढतच राहतो. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. खताच्या दुकानात हिराकस ‘फेरस सल्फेट’ या नावाने मिळते. जमिनीत टाकून फार उपयोग होत नाही, ते तिथे पुन्हा अडकते.

लातूरचा_रहिवासी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला फक्त पाण्याचे गणित मांडायचे आहे, कारण आपल्या भागात बियाण्यापेक्षा आणि खतापेक्षा महाग वस्तू तीच आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ते दिवस पाहिलेला माणूस हिरवळ हा शब्द ऐकला की आधी लिटर मोजतो.

तीनशे चौरस फूट म्हणजे साधारण अठ्ठावीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज पाच मिलिमीटर हा अगदी काटकसरीचा आकडा धरला तरी रोज एकशे चाळीस लिटर आणि महिन्याला चार हजार लिटरांहून जास्त पाणी लागेल. आमच्याकडे पाच हजार लिटरचा टँकर येतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. भाजीच्या वाफ्यालाही क्षेत्राच्या मानाने जवळपास तेवढेच पाणी लागते हे खरे, पण त्याच्या बदल्यात ताटात काही पडते. शिवाय भाजीला ठिबक लावता येते आणि दोन ओळींमध्ये पालापाचोळ्याचे किंवा सोयाबीनच्या भुसाचे आच्छादन टाकून बाष्पीभवन कमी करता येते. हिरवळीला यांपैकी काहीच करता येत नाही.

तरीही हिरवळ नकोच असे मी म्हणणार नाही. तीनशेऐवजी शंभर चौरस फूट ठेवा आणि विकतच्या चटईऐवजी हरळी लावा. शेतकऱ्याने जन्मभर जी हरळी कुदळीने खणून बांधाबाहेर फेकली, तीच शहरातल्या दारात पैसे मोजून लावायची, हा विनोद आहे खरा, परंतु आपल्या हवेत टिकणारे गवत तेच. रोपवाटिकेत कोरियन, मेक्सिकन अशा नावांनी जी मऊ गवते दाखवतात ती दिसायला सुंदर असतात, मात्र पाणी तुटले की त्यांना सावरणे अवघड जाते. हरळी उन्हाळ्यात तपकिरी पडते, मेल्यासारखी दिसते आणि पावसाच्या पहिल्या दोन-चार सरींत जमिनीखालच्या काड्यांतून पुन्हा फुटते. म्हणून एप्रिल-मे या दोन महिन्यांत ती तपकिरी राहू द्यावी. फक्त काड्या पार वाळून जाऊ नयेत म्हणून पंधरवड्यातून एखादे भरपूर पाणी द्यावे.

लागवड फुकटात होते. एखाद्या बांधावरून किंवा शेजारच्या अंगणातून हरळीच्या काड्या आणाव्यात, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून जून-जुलैत, जमीन ओली असताना, चार-चार बोटांच्या अंतरावर रोवावेत. त्याआधी जमीन एक वीत खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक काम आहे. लव्हाळा वरून उपटला तर खालची गाठ तशीच राहते आणि पुन्हा फुटते, त्यामुळे नंतर हिरवळीत तो शिरला की वर्षानुवर्षे निघत नाही. जमीन सपाट करताना घराकडून फाटकाकडे हलकासा उतार द्यावा, कारण काळ्या मातीत पाणी तुंबले की गवतात शेवाळ धरते.

देखभालीसाठी दरमहा माणूस नेमण्याची गरज नाही. शंभर चौरस फुटांना हातकात्री पुरते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त गवत कापू नये आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते थोडे उंच राखावे, म्हणजे मुळांवर सावली राहते. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्यावे, ते कुजून खतच होते. पावसाळ्यात एकदा चौरस मीटरला 10 ग्रॅमच्या हिशेबाने युरिया पाऊस येण्याच्या बेतात टाकला की पुरे. टाकल्यावर पाणी मिळाले नाही तर डाग पडून गवत जळते. पाणी द्यायचे तेव्हा रोज शिंपडण्याऐवजी चार-पाच दिवसांआड भरपूर द्यावे, त्याने मुळे खोल जातात.

हरळी मागच्या भाजीत शिरू नये याची तजवीज पहिल्याच दिवशी करा. शहाबादी फरशीचे तुकडे उभे धरून वीतभर खोल पुरून घ्यावेत. उरलेल्या दोनशे फुटांत कढीपत्ता आणि लिंबू लावावे. शेवगा मात्र भिंतीपासून लांब, कारण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वळवाच्या वाऱ्यात मोडून पडतात.

पाण्याचे एक शेवटचे गणित. तुमच्या घराचे छत हजार चौरस फूट आणि वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला, तर छतावर पासष्ट हजार लिटर पाणी पडते. त्यातले काही वाया जाईल असे मानूनही पन्नास हजार लिटर बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडता येते. हिरवळीवर खर्च करणार होतात त्यातला पैसा आधी तिकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

छत्रपती_संभाजीनगर_गच्ची

कृषी सहायक काकांच्या कसोटीतून टोमॅटो वगळला गेलेला दिसतो. तो मी वगळणार नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात टोमॅटोचा भाव कुठल्या कुठे जातो आणि नेमके तेव्हाच घरचे टोमॅटो हाती असतील तर ती बचत डोळ्यांना दिसते. मात्र त्यासाठी रोपे मेमध्येच, शेडनेटखाली किंवा भिंतीच्या सावलीत तयार करावी लागतात, आणि पावसात झाडांना काठीचा आधार देऊन खालची पाने काढत राहावी लागतात, नाहीतर करपा येतो. पाच-सहा झाडे पुरेत.

दुसरे असे की, बचत बियाण्यात बुडत नाही, ती बाकीच्या खरेदीत बुडते. रंगीत कुंड्या, कोकोपीट, पिशवीबंद गांडूळखत, नाजूक अवजारांचा संच, नळीला लावायचे फवारे अशा वस्तू घेतल्या की पहिल्या वर्षीची भाजी सोन्याच्या भावाने पडते. तुमच्याकडे जमीन आहे, तेव्हा खुरपे, कुदळ, झारी आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून ट्रॉलीचा चौथा हिस्सा शेणखत, एवढ्यावर थांबा. खतासाठी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि कडुनिंबाचा पाला जागेवरच कुजवावा.

हिरवळीबद्दल मात्र माझे मत लातूरकरांपेक्षा वेगळे आहे. दारात सगळीकडे फरशी आणि सिमेंट केले तर ती उन्हाने तापून घर रात्रभर धगधगत ठेवते, त्यामुळे कूलरचा वापर वाढतो. तो खर्च कोणी मोजत नाही. शंभरऐवजी दीडशे फूट हरळी ठेवली आणि उन्हाळ्यात ती तपकिरी राहिली, तरी ती तापलेल्या काँक्रीटपेक्षा बरी.

परभणीची_गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. चटईच्या गवताला आजच नकार कळवला. दीडशे आणि शंभर यांच्या मध्ये कुठेतरी थांबेन. आणखी दोन शंका आहेत. कपडे धुण्याच्या यंत्रातले आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी रोज बरेच निघते, ते झाडांना चालेल का? आणि घरात लहान मूल आहे, म्हणून विषारी औषधे अजिबात वापरायची नाहीत; मग मावा आणि पांढऱ्या माशीचे काय करावे?

जुना_कृषी_सहायक

ताई, तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी निश्चिंतपणे वाफ्यात घाला. कपड्यांचे पाणी भाजीला घालू नका; साबणाच्या भुकटीत सोडियम असते आणि काळ्या मातीत ते साठत गेले की माती दगडासारखी घट्ट होऊन जमीन चोपण बनते. शेवटच्या खळबळीचे पाणी हरळीला अधूनमधून चालेल, पावसाळ्यात तर काहीच हरकत नाही. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी हे तुमच्या बोअरचेच, पण क्षार आणखी वाढलेले पाणी असते. त्याने फरशी पुसावी, स्वच्छतागृहात वापरावे. कुंडीतल्या झाडाला तर ते कधीच घालू नये, कारण कुंडीतून क्षार वाहून जायला वाट नसते.

किडीसाठी निंबोळी पुरेशी आहे, फक्त ती आधीपासून द्यावी लागते. पाने आकसल्यावर उपयोग कमी. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा, वर्षभराचे औषध फुकट होते. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळावी, त्यात चिमूटभर साधा साबण मिसळून त्याच दिवशी उन्हे कलल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. माव्यावर आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा. पुष्कळदा तेवढ्याने तो धुऊन जातो. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यांना एरंडेल लावून ते झाडांच्या उंचीवर टांगावेत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या दिसल्या तर ते झाड त्याच दिवशी उपटून टाका. त्या रोगाला औषध नाही आणि पांढरी माशी तो शेजारच्या झाडावर नेते. इथे लोह कमी पडण्याशी गोंधळ होऊ देऊ नका: लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात, केवड्यात शिराच पिवळ्या होतात.

सध्या मे महिना आहे, तेव्हा पेरणीची घाई करू नका. आता राडारोडा काढा, जमीन खणून उन्हात तापू द्या, त्याने हुमणीच्या अळ्या आणि लव्हाळ्याच्या काही गाठी मरतात. टोमॅटो व मिरचीचे बी मात्र सावलीत लगेच टाका. शेणखत मिसळून वाफे मृगाच्या आधी ओढून ठेवावेत आणि जमीन चांगली भिजून वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निथळून ती पेरणीजोगी झाली, की भेंडी व गवार टोकावी. कोथिंबिरीला थोडे थांबावे, कारण जोराच्या सरींनी तिची रोपे जमीनदोस्त होतात. जुन्या साडीचा किंवा शेडनेटचा आडोसा करता येत असेल तरच पावसाळ्यात पेरावी. धने पेरण्याआधी चपलेखाली हलकेच रगडून दोन फाकी करायला आणि रात्रभर भिजवायला विसरू नका. उगवायला आठ-बारा दिवस लागतात, तोवर वाफा उकरून बघू नये. ‘परभणी क्रांती’च्या बियाण्यासाठी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात चौकशी करा, तुम्ही गावातच आहात. बी धरण्यासाठी दोन निरोगी झाडे आधीच खूण करून ठेवा, त्यांच्या शेंगा तोडू नका, झाडावरच वाळू द्या आणि दाणे काढून राखेत मिसळून कोरड्या डब्यात भरा.